मुहूर्ताच्या पेटीची गाडी

"त्या सकाळी देवळासमोर गाडी बंद पडली ती आपोआप नव्हे. आमचा त्या वेळचा ड्रायव्हर सखाराम याने बॅटरीची वायर मुद्दाम ढिली करून ठेवली होती. मी स्वतः बॉनेट उघडले, बॅटरीची वायर घट्ट केली आणि गाडी एका दमात सुरू झाली. काकांनी त्याला तिथेच कामावरून दूर केले. त्या वर्षी आमची मुहूर्ताची पेटी दुसरी पोहोचली. पण घरातला विश्वासघातकी माणूस ओळखता आला, हा लाभही लहान नव्हता."

हा मजकूर रत्नागिरीतील एका जुन्या आंबा-व्यापारी पेढीच्या स्मरणिकेत छापलेला आहे. गुळगुळीत कागद आहे, शेजारी गाडीचा रंगीत फोटो आहे. लेखक वसंतराव हे पेढीचे मूळ मालक भाईशेठ यांचे पुतणे. सखाराम म्हणजे माझे वडील, आमचे आबा. वसंतरावांनी ही हकिकत लग्नाच्या पंगतींत सांगितली, सत्कारसभांत सांगितली, आणि मी समोर बसलेलो असताना निदान एकदा तरी माझ्याकडे पाहून सांगितली. तोंडी होती तोवर मी ती ऐकून घेतली. आता ती छापली गेली आहे, आणि छापलेल्याला छापूनच उत्तर दिले पाहिजे. माझा धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, आबा जाऊन इतकी वर्षे झाली, आता कुणाला काय त्याचे." मला आहे. एवढे कारण मला पुरेसे वाटते.

भाईशेठांच्या आवारात, मोठ्या घराच्या मागे, चिऱ्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. एका बाजूला गाडीची शेड आणि दुसऱ्या बाजूला आंब्याची आढी, म्हणजे पेंढ्यात आंबे पिकत घालण्याची लांबलचक खोली; त्यामुळे आमच्या घराला वर्षाचे आठ महिने पेट्रोलचा वास यायचा आणि चार महिने हापूसचा. हंगामात सकाळपासून पेट्या ठोकण्याचा आवाज चालू असे. आई त्या ठोक्यांवर भाकऱ्या थापायची. तिला विचारले असते तर तिने ते नाकारले असते, पण मी कान देऊन ऐकलेले आहे: हातोडी थांबली की तिचा हातही परातीवर थांबायचा. कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, भाजलेला सुका बांगडा आणि ताटाच्या कडेला आढीतून बाद ठरलेला, एका बाजूने डागाळलेला हापूस. अख्खा आंबा आमच्या घरात चिरला गेल्याचे मला आठवत नाही. डाग कापून उरलेला भाग आबा आम्हा भावंडांत वाटायचे आणि स्वतः बाठा चोखत शेडकडे बघत बसायचे.

शेडमध्ये गाडी असे. विलायती बनावटीची, फुगीर मडगार्डांची, सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी. तेव्हाही ती जुनीच होती. आबा तिच्याशी बोलत नसत. ड्रायव्हर लोक गाडीशी बोलतात, तिला नावे ठेवतात, असे लोकांना वाटते. आबा फक्त ऐकत. बटण दाबल्यावर स्टार्टर कसा फिरतो, इंजिन पकडण्याआधी किती कण्हते, यावरून गाडीला काय हवे ते त्यांना समजे. खाऱ्या वाऱ्याने जोडांवर चढणारी हिरवी बुरशी ते दर आठवड्याला गरम पाण्याने धूत आणि वर वंगण लावत. "समुद्र लांबून पण खातो," एवढेच ते म्हणत.

मुहूर्ताच्या पेटीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण आज हंगामाची पहिली पेटी विमानानेही जाते आणि तिचा फोटो वर्तमानपत्रात येतो. त्या काळी ती माणसाच्या मांडीवरून जात असे. रत्नागिरीतून मुंबईच्या बाजारात ज्या व्यापाऱ्याची पेटी पहिली उतरेल, त्याचे नाव हंगामभर दलालांच्या तोंडी राहायचे. भाईशेठांचे या बाबतीतले नियम कडक होते. घरी पूजा झाली की पेटी बाजारात पोहोचेपर्यंत जमिनीला लावायची नाही. वाटेत देवीच्या देवळाशी गाडी थांबवायची, गाडीचे तोंड देवीकडे करायचे, आणि गुरवाने गाडीपाशी येऊन पेटीला अंगारा लावायचा. सर्वांत मोठा नियम असा की मुहूर्ताची पेटी एकदा निघाली की मागे हटवायची नाही. मागे हटली तर हंगाम मागे जातो, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून देवळासमोर गाडी लावताना आबा असा वळसा घेत की निघताना उजवीकडून सरळ पुढे रस्त्याला लागता यावे.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात वसंतराव पुण्याहून शिक्षण आटोपून परत आले होते. काकांवर छाप पाडण्याची त्यांना घाई होती. त्यांनी गाडी कोल्हापूरला नेऊन रंगवून आणली. इंजिन उतरवून, सांगाड्यासकट सगळी रंगवली. समोर एक रुंद, चकचकीत नवा बंपर बसवला. तो इतका रुंद होता की इंजिन हाताने फिरवायचे हॅंडल घालण्याचे भोक त्याच्यामागे झाकले गेले. आबांनी ते पहिल्याच दिवशी दाखवले.

"वसंतशेठ, हॅंडल कुठना घालायचा?"

"हॅंडल मारायला ही काय उसाचा चरक आहे? बटण आहे ना."

"बटणाचा भरवसा नाय. आल्यापासून ही जड फिरत्येय."

"नवीन रंगाने वजन वाढले असेल," वसंतराव म्हणाले, आणि ओसरीवर बसलेली मंडळी हसली. भाईशेठही हसले. ते हसणे मला अजून ऐकू येते, आणि त्या हसणाऱ्यांपैकी आता कोणीच हयात नाही, याचे मला मुळीच वाईट वाटत नाही.

पेटी मांडीवर धरून बसण्याचा मान त्या वर्षी मला मिळाला. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, अंगाने धट्टाकट्टा होतो, आणि भाईशेठांना न झोपणारा माणूस हवा होता. आईने घावणे आणि ओल्या नारळाची चटणी बांधून दिली. पेटीसोबत मासळीचा डबा चालत नसे. उजाडता उजाडता निघालो. पुढे आबा आणि त्यांच्या शेजारी भाईशेठ. मागे वसंतराव आणि मी, माझ्या मांडीवर पेटी. गाडी दोनदा कण्हून तिसऱ्यांदा सुरू झाली. आबांनी चोकचा खटका आत ढकलला आणि बोटे झटकली. मागून मला एवढेच दिसले. त्याचा अर्थ कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

देवळाच्या अंगणात त्या दिवशी देवस्थानाचे नवे बांधकाम चालू होते. उजवीकडे चिऱ्यांचा ढीग पडलेला, त्यामुळे वळसा घ्यायला जागा नव्हती. गाडी सरळ देवीच्या दिशेने उभी करावी लागली: समोर जोते, मागे रस्त्यापर्यंत उतार. "ढीग बाजूला करून घेऊ, तोवर अंगारा होईल," असे भाईशेठ म्हणाले आणि गड्यांना हाक मारली. गुरव माझ्या खिडकीपाशी आला, त्याने पेटीला अंगारा लावला, नारळ फुटला. चिरे हलले, वाट मोकळी झाली. आबांनी बटण दाबले. इंजिनातून एक लांबट कुंईऽऽ एवढाच आवाज आला आणि विरला. पुन्हा दाबले. पुन्हा तेच.

याच वेळी नानाशेठांची जीप खालच्या रस्त्याने गेली. नानाशेठ म्हणजे आमच्या पेढीचे प्रतिस्पर्धी, आणि माझ्या मावशीचे यजमान त्यांच्याकडे पेट्या भरायच्या कामावर होते. हे नाते पुढे आमच्या गळ्याशी येणार होते. जीप मंदावली, आणि मागे बसलेल्या कुणीतरी हाळी दिली, "काय सखाराम, यंदा देवीला नारळासोबत गाडी पण वाहिलीस काय?" जीपमधली पेटी मला स्पष्ट दिसली. जीप वळणाआड गेली.

मग आबा वळून म्हणाले, "भाईशेठ, मागे उतार हाय. रिव्हर्समध्ये टाकून सोडतो, खाली जाईपर्यंत उचलेल."

"मागे?"

"दहा पावला फक्त."

"सखाराम, पेटी आत हाय. पेटी मागे जायची नाय."

"मग पेटी घेऊन यशवंत उतरून उभा राहू दे. गाडी तेवढी मागे जाईल."

"पेटी गाडीत बसली ती बाजारात उतरणार. तुला नवीन सांगायला हवा काय?"

हॅंडल घालता येत नव्हते. ते बंपरने बंद केले होते. उतारावर सोडता येत नव्हते; ते नियमाने बंद केले होते. पुढे ढकलावे तर चढ होता. आबांनी पुन्हा एकदा चोक ओढून बटण दाबले आणि लगेच हात मागे घेतला. "भाईशेठ, ह्यो चोकचा खटका बघा. भाजतोय. तार गरम झाल्येय. करंट भलतीकडना जातोय कुठेतरी. हात लावून बघा." मी मागे बसून जळक्या रबराचा वास घेत होतो. पण भाईशेठांनी हात लावला नाही, आणि वसंतरावांनीही लावला नाही. एवढी एक गोष्ट त्या दोघांनी केली असती तर हे प्रकरण मला लिहावे लागले नसते.

वसंतराव खाली उतरले. बॉनेट उघडले. आत डोके घालून बराच वेळ खटपट करीत राहिले. उन्हे झाडांवर आली होती. पेटीच्या फटीतून आंब्याचा वास येत होता आणि मला भूक लागली होती, हे लिहिताना आजही लाज वाटत नाही. शेवटी त्यांनी बॉनेट आपटले, हात रुमालाला पुसले आणि स्वतः चालकाच्या जागी बसून बटण दाबले. तोवर इंजिन निवाले होते. गाडी कण्हली आणि सुरू झाली.

"बॅटरीची वायर ढिली होती," वसंतराव म्हणाले. "काका, आपोआप ढिली होत नाही ती. यांचा साडू कुणाकडे कामाला आहे, विचारा."

भाईशेठ आबांकडे वळले. आबा म्हणाले, "वायर ढिली नव्हती." दुसरे काही बोलले नाहीत. माझी बहीण सांगते की आबा रडले आणि त्यांनी भाईशेठांचे पाय धरले. ती तिथे नव्हती. मी होतो. त्यांनी पाय धरले नाहीत आणि ते रडले नाहीत. भाईशेठांनी हात पुढे केला, आबांनी शेडची किल्ली त्या हातावर ठेवली, आणि गाडी वळसा घेऊन रस्त्याला लागली. मी दार उघडायला गेलो, तेव्हा खिडकीपाशी येऊन आबांनी मला हाताने बसवले. "बस तू. पेटी खाली ठेवू नको," ते म्हणाले. ज्या माणसाने आपल्याला चोर ठरवले, त्याची पेटी जमिनीला लागू नये, एवढी काळजी त्यांना तेव्हाही होती. मागच्या काचेतून ते मला वळणापर्यंत दिसले. मांडीवर पेटी होती, म्हणून मला हातही हलवता आला नाही.

आम्ही महिन्याच्या आत ते आवार सोडले. रत्नागिरीत त्यानंतर कोणी आबांच्या हातात स्टिअरिंग दिले नाही. शाळेत भावाला पोरे 'वायरतोड्या' म्हणू लागली, आणि बहिणीच्या लग्नाची बोलणी दोनदा साखरपुड्याच्या अलीकडे थांबली. दोन्ही वेळा वसंतरावांच्या तोंडची हकिकत आमच्या आधी तिथे पोहोचली होती. आबा नाटे बंदरात गेले आणि लाँचींची इंजिने दुरुस्त करू लागले. शनिवारी यायचे तेव्हा कपड्यांना डिझेलचा आणि मासळीचा वास असे. आई त्यांच्यासाठी सोलकढी करून ठेवायची. ते ओटीवर बसत, चढावरून एखादी मोटार वर येऊ लागली की मान किंचित तिरकी करीत, आणि ती निघून गेली की पुन्हा वाटी तोंडाला लावत. बॅटरीचा विषय त्यांनी घरात काढला नाही. मी काढला की म्हणत, "तुला ठावा हाय ना? मग झाला."

झाले नव्हते. मी जहाजावर गेलो आणि विजेच्या कामाचा अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्या कामात पहिल्याच वर्षी मला आबांची भाजलेली बोटे समजली. बॅटरीतली वीज जाड वायरने स्टार्टरकडे जाते, पण परत यायला तिला लोखंडाचीच वाट असते: इंजिनातून सांगाड्यात, सांगाड्यातून बॅटरीत. इंजिन रबरी गाद्यांवर बसलेले असते, म्हणून इंजिन आणि सांगाडा जोडायला तांब्याची विणलेली पट्टी लागते. सांगाडा रंगवून, रंग न खरवडता त्यावर ती पट्टी आवळली, तर वाट जवळजवळ बंद होते. सहा व्होल्टच्या गाडीत तर स्टार्टरला करंट आणखी जास्त लागतो. मग वीज मिळेल त्या वाटेने परतते, आणि तिला मिळते इंजिनापासून खटक्यापर्यंत येणारी चोकची बारीक तार. स्टार्टर कण्हतो, तार तापते, खटका भाजतो. इंजिन गरम असले की तेवढ्याही जोरावर फिरत नाही; निवले की एखादे वेळी फिरते. कोल्हापूरला वसंतरावांनी रंग उभे राहून करून घेतला होता, असे तेच त्या स्मरणिकेत अभिमानाने लिहितात.

मागच्या हिवाळ्यात गावात जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले. आरे-वारेच्या किनाऱ्यापर्यंत फेरी आणि मैदानावर परत, असा कार्यक्रम होता. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. कोणी बोलावले नव्हते. भाईशेठांची गाडी वसंतरावांच्या नातवाने चालवत आणली, व्यासपीठासमोर थांबवली, टाळ्या झाल्या, आणि पाहुण्यांना घेऊन निघताना ती कुंईऽऽ करून थांबली. मी तो आवाज डोळे मिटून ऐकला. नवी बॅटरी, नवा स्टार्टर, अंगठ्याएवढी जाड नवी केबल: सगळे बदलून झालेले होते, हे नातू मेस्त्रीला रडकुंडीला येऊन सांगत होता. "तापली की रुसते ही, पहिल्यापासूनच," तो म्हणाला. मी उठून गाडीजवळ गेलो, उघड्या दारातून आत वाकलो आणि चोकच्या खटक्याला बोट लावले. भाजले. इतके सुख मला कोणत्याही बंदरात लाभलेले नाही.

वसंतराव काठी टेकत आले. "यशवंता, तू जहाजावर विजेचेच काम करायचास ना? बघ की जरा, काय झाले ते."

"बघायचे काय त्यात?" मी म्हणालो. आयुष्यात प्रथमच मी त्यांना अरेतुरे करीत होतो. "वायर ढिली असेल. बॉनेट उघड आणि घट्ट कर. तुला येते ते."

आसपासचे दोघेचौघे हसले. त्यांना काही कळले नव्हते, पण वसंतरावांना कळले. नातवाने खरोखरच बॉनेट उघडून वायरी आवळल्या. गाडी हलली नाही. मी खुर्चीवर जाऊन माझा चहा संपवला आणि गाडी ढकलत मैदानाबाहेर नेईपर्यंत बसून राहिलो. रंग खरवडायला तिथल्या कुठल्याही मेस्त्रीला चहा पिण्याइतका वेळ लागला असता. मी सांगितले नाही. माझ्या मुलाला हे क्षुद्रपणाचे वाटते. त्याच्या बापाला कोणी देवळासमोर उतरवून ठेवलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात वसंतरावांनी ती गाडी कंटाळून विकली. नव्या मालकाशी माझे वैर नाही. त्याने इंजिनाच्या मागच्या बाजूची तांब्याची पट्टी सोडवावी, तिच्याखालचा रंग काढावा, आणि पुन्हा आवळावी. हे मी इथे लिहून ठेवतो ते गाडी वसंतरावांच्या दारातून गेली म्हणूनच.

राहिला वायरीचा प्रश्न. रंग आणि पट्टी यांवर वसंतराव वाद घालू शकतील; एखादा मेस्त्री त्यांच्या बाजूने उभाही राहील. आबांचा साडू नानाशेठांकडे होता, हेही खोटे नाही. म्हणून ते सारे मी बाजूला ठेवतो. आज त्या गाडीची बॅटरी बॉनेटखाली दिसते, स्मरणिकेतल्या फोटोतही तिथेच दिसते, आणि वसंतराव त्या फोटोकडे पाहून लिहायला बसले असावेत. पण ती तिथे आली पुष्कळ नंतर, सहा व्होल्टची काढून बारा व्होल्टची बसवली तेव्हा. त्या सकाळी बॅटरी मागच्या सीटखाली होती. तिच्या वायरीला हात लावायचा तर सीट उचलावी लागत असे, आणि घर सोडल्यापासून गाडी पुन्हा सुरू होईपर्यंत त्या सीटवर पेटी मांडीवर घेऊन मी बसलेलो होतो, मला कोणीही उठवले नाही.